बोलावलं शोभेसाठी, ती उतरली खेळायला

गेल्या वर्षी २६ जानेवारीच्या आधीची गोष्ट. आमच्या गावात दरवर्षी टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरते. शाळेमागच्या मैदानात मांडव पडतो, भोंगा लागतो, वडापावच्या गाड्या येतात. त्या वेळी आयोजक मुलांच्या डोक्यात एक कल्पना आली. उद्घाटनाच्या सामन्यात एका मुलीला एक षटक टाकायला द्यायचं! गर्दी जमेल, पेपरात फोटो येईल. आमच्या बचत गटातल्या एका बाईंची मुलगी शाळेत असताना बऱ्यापैकी गोलंदाजी करायची. तिचं नाव पुढे आलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई तणतणतच माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, हे काय हो? पोरीला खेळायला बोलावतायत की लोकांना दाखवायला? एरवी हीच पोरं तिला मैदानाच्या कडेलासुद्धा उभी राहू देत नाहीत!"

खरं सांगते, त्या माउलीचा राग मला पटला. पण मुलगी शेजारीच उभी होती. ती काही बोलत नव्हती, नुसती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. तिला जायचं होतं, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

त्या वेळी मी त्या दोघींना एका बाईची गोष्ट सांगितली. ती पार कॅनडातली, आणि खेळ तर आपण कधी डोळ्यांनी न पाहिलेला. पण मैत्रिणींनो, गोष्ट अगदी आपल्या अंगणातली वाटावी अशी आहे. म्हणून आज तुम्हालाही सांगते.

तिचं नाव मॅनॉन रेओम. जन्म २४ फेब्रुवारी १९७२ चा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या लाक-बोपोर या छोट्या गावातला. या प्रांतात घरोघरी फ्रेंच बोलतात, आणि हिवाळ्यात सगळीकडे बर्फच बर्फ! आपल्याकडे गल्लीबोळांत क्रिकेट, तसं तिथे आइस हॉकी. गावातल्या उघड्यावरच्या बर्फाच्या मैदानाची, म्हणजे रिंकची, व्यवस्था मॅनॉनचे वडील पाहायचे. मुलांच्या संघाला शिकवायचेही तेच. घरात दोन भाऊ, दोघंही हॉकीवेडे. त्यांना सराव करायला समोर कुणीतरी गोलरक्षक हवा. मग काय, बहिणीला पॅड बांधून उभं करायचं! आपल्याकडे नाही का, दादाला बॅटिंग करायची असते आणि ताईनं चेंडू आणून द्यायचा असतो, तसंच.

मॅनॉन ५ वर्षांची असताना वडिलांच्या संघाला एका स्पर्धेसाठी गोलरक्षक मिळेना. "मी उभी राहू का?" म्हणून ती पुढे आली, आणि वडिलांनी तिला उभं केलं. सुरुवात इतकी साधी!

आता हा खेळ थोडक्यात समजून घेऊ. आइस हॉकीत प्रत्येक संघाचे सहा जण मैदानात असतात, पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. पायात स्केट्स, हातात लाकडी किंवा तसलीच काठी, आणि चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती. तिला 'पक' म्हणतात. वजन साधारण १७० ग्रॅम. ऐकायला एवढंसं वाटतं, पण मोठे खेळाडू ही चकती ताशी १५० किलोमीटरच्या वेगानं मारतात. गोलरक्षकानं सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळ्यासमोर उभं राहायचं आणि ती अंगावर घ्यायची! म्हणून तो डोक्यापासून पायापर्यंत पॅड बांधून, तोंडावर मुखवटा चढवून उभा असतो. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं. शिवाय धक्काबुक्की हा या खेळाचा भागच, मारामारीसुद्धा होते.

अशा खेळात मुलगी? नाकं मुरडली गेलीच. पण मॅनॉन मुलांच्या संघातूनच खेळत राहिली. क्वेबेक शहरात लहान मुलांची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. १९८४ मध्ये त्या स्पर्धेत खेळणारी ती पहिली मुलगी ठरली. पुढे वय वाढत गेलं तशी दारं बंद व्हायला लागली. वरच्या संघांत निवडीची वेळ आली, की उत्तर ठरलेलं. तू चांगली खेळतेस गं, पण मुलगी आहेस ना!

तरीही नोव्हेंबर १९९१ मध्ये एक दार किलकिलं झालं. त्र्वा-रिव्हिएर या शहराच्या तरुण मुलांच्या संघात ती राखीव गोलरक्षक होती. ही कॅनडातली वरच्या दर्जाची कनिष्ठ स्पर्धा, मोठे व्यावसायिक खेळाडू इथूनच निवडले जातात. एका सामन्यात मुख्य गोलरक्षकाला बाहेर काढलं आणि १९ वर्षांच्या मॅनॉनला उतरवलं. या दर्जाच्या सामन्यात खेळणारी ती पहिलीच स्त्री. त्या सामन्यात एक सणसणीत फटका थेट तिच्या मुखवट्यावर बसला. भुवईजवळ फुटलं, रक्त आलं, टाके घालावे लागले. पण ती उतरली, खेळली, हे सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये महिलांच्या जागतिक स्पर्धेत कॅनडानं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा संघाची गोलरक्षक मॅनॉन होती.

आणि मग आलं ते प्रसिद्ध बोलावणं.

अमेरिका आणि कॅनडा मिळून एक सर्वांत मोठी व्यावसायिक लीग आहे, नॅशनल हॉकी लीग. १९९२ मध्ये फ्लोरिडा राज्यातल्या टँपा शहराचा नवा संघ तिच्यात उतरणार होता. फ्लोरिडा म्हणजे समुद्र, ऊन, नारळाची आठवण करून देणारी झाडं. तिथे बर्फावरचा खेळ बघायला कोण येणार? संघाचे सर्वेसर्वा होते फिल एस्पोसिटो, स्वतः एके काळचे नामांकित खेळाडू. त्यांनी सरावाच्या शिबिराला थेट मॅनॉनला बोलावलं. कशासाठी? प्रसिद्धीसाठी! हे त्यांनी लपवलं नाही, उघड कबूल केलं.

आता सांगा, तुमच्या-माझ्या घरातल्या मुलीला असं बोलावणं आलं असतं, तर आपण काय म्हटलं असतं? "काही नको जायला, तुझं हसं करतील!" असंच ना?

मॅनॉनला काय चाललंय ते कळत होतं. ती दूधखुळी नव्हती. पण तिचा हिशेब वेगळा होता. आजवर किती तरी वेळा मुलगी म्हणून मला नाकारलं, आता मुलगी म्हणून कुणी बोलावत असेल, तर मी का नाकारू? असं तिनं पुढे अनेकदा सांगितलं आहे. मला विचाराल तर तिच्या सगळ्या कारकिर्दीचं सार या एका विचारात आहे. बोलावण्यामागचा हेतू त्यांचा, पण आत गेल्यावर काय करायचं ते माझ्या हातात!

२३ सप्टेंबर १९९२. टँपाचा सेंट लुइस संघाशी मोसमापूर्वीचा सराव सामना. वीस वर्षांची, पाच फूट सात इंच उंचीची ही मुलगी पहिल्या सत्रात जाळ्यासमोर उभी राहिली. समोर जगातले नाणावलेले नेमबाज. तिनं ९ फटके झेलले, ७ अडवले, २ गोल झाले. सत्र संपलं तेव्हा बरोबरी होती, २-२. पुढच्या सत्रांत तिच्या जागी दुसरे आले आणि शेवटी सामना संघ ६-४ असा हरला. पण इतिहास त्या वीस मिनिटांत घडून गेला होता. नॅशनल हॉकी लीगच्या संघाकडून सराव सामन्यात का होईना, खेळलेली ती पहिली स्त्री!

दुसऱ्या दिवसापासून कॅमेरे, मुलाखती, दूरचित्रवाणीवरचे मोठमोठे कार्यक्रम. आणि बिचारीला इंग्रजी तेव्हा तोडकंमोडकंच येत होतं. एका पुरुषांच्या मासिकानं कपड्यांविना छायाचित्रं काढू देण्यासाठी भरपूर पैसे देऊ केले. तिनं साफ नकार दिला. जाहिरातीचं बोलावणं स्वीकारणारी मॅनॉन हे मात्र नाकारते. म्हणजे कुठे 'हो' म्हणायचं आणि कुठे 'नाही', याची रेघ तिनं स्वतः आखली होती. जिथे खेळायला मिळेल तिथे 'हो'. जिथे नुसतं दिसायचं असेल तिथे 'नाही'.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. पण मला मॅनॉन मोठी वाटते ती यापुढच्या वर्षांसाठी.

टँपानं तिच्याशी करार केला आणि तिला खालच्या लीगमध्ये पाठवलं, अटलांटाच्या संघात. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या गाजलेल्या नाटकांखाली गावोगाव दौरे करणाऱ्या छोट्या नाटक कंपन्या असतात, तसंच तिकडे हॉकीत असतं. सर्वांत वर एकच मोठी लीग, आणि तिच्याखाली पायऱ्या-पायऱ्यांनी लहान लीग. मोठ्या संघाचे नवे, कच्चे किंवा नको झालेले खेळाडू तिथे असतात. पैसा बेताचा. सामने मध्यम शहरांत. संपला सामना की बसमध्ये बसायचं, रात्रभर प्रवास, दुसऱ्या गावी परत पॅड बांधायचे. आज या संघात, उद्या फोन आला की दुसऱ्या. आपली माणसं कुठे, आपण कुठे! तिथले शेकडो पुरुष खेळाडू आयुष्यभर वरच्या बोलावण्याची वाट पाहतात, आणि बहुतेकांना ते कधीच येत नाही.

त्यात मॅनॉन एकटी बाई. सगळा संघ एका खोलीत कपडे बदलतो, हिची सोय वेगळी बघायची. सामन्याआधीच्या गप्पा, चेष्टामस्करी त्या खोलीत होतात, आणि ही भिंतीपलीकडे. विचार करा, केवढं एकटेपण!

शिवाय गोलरक्षक ही जागाच अशी, की एका वेळी एकच जण उभा राहतो. दुसऱ्यानं बाकावर बसायचं. मॅनॉन महिनोन् महिने बाकावर बसली. १३ डिसेंबर १९९२ ला अटलांटाकडून ती पहिल्यांदा उतरली, ५ मिनिटं ४९ सेकंद! पण हा सराव सामना नव्हता, मोसमातला खरा सामना होता. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत असा सामना खेळलेली पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली. सुरुवातीपासून उभं राहण्याची संधी मिळायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला.

योगायोग बघा, त्याच डिसेंबर १९९२ मध्ये आपल्या संसदेनं ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात पुढे २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. तेव्हा काय बोललं गेलं ते आठवतंय ना? "नावाला बाई, कारभार नवऱ्याचा." कितीतरी ठिकाणी ते खरंही होतं. पण अशा 'नावापुरत्या' बायकांबरोबर मी तालुक्याच्या कचेरीत गेले आहे. पहिल्या वर्षी पदरानं घाम पुसत सही कुठे करायची ते विचारणारी बाई तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला म्हणाली, "आधी वाचून दाखवा, मग सही करते." बोलावलं होतं कोरम भरायला, पण बसता बसता तिला कारभार कळला!

मॅनॉनचंही तसंच. बाकावर बसूनही तिनं सराव सोडला नाही. अटलांटानंतर टेनेसी राज्यातले नॉक्सव्हिल आणि नॅशव्हिल, मग लास वेगास, टॅलाहासी, रीनो... गावं बदलत गेली, लीगची पायरी कधी वर तर कधी खाली. उन्हाळ्यात चाकांच्या स्केट्सवरची रोलर हॉकीही खेळली. १९९२ ते १९९७ या काळात तिला बर्फावरचे जेमतेम दोन डझन सामने मिळाले. आकडा लहान आहे, हे मान्य. पण त्यांतले काही तिच्या संघानं ती उभी असताना जिंकले. जाहिरातीसाठी आलेल्या बाईला जिंकणारा सामना शेवटपर्यंत कोण उभं राहू देईल? ते प्रशिक्षकाच्या विश्वासानंच होतं.

तिच्या मागोमाग १९९३-९४ च्या मोसमात एरिन व्हिटन ही अमेरिकन गोलरक्षक टोलेडोच्या पुरुष संघात आली आणि तिनंही सामने जिंकले. कॅनडाच्या हेली विकेनहायझरनं २००३ मध्ये फिनलंडमधल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये गोल केला. शॅनन झाबाडोस ही गोलरक्षक अमेरिकेतल्या अशाच एका छोट्या लीगमध्ये खेळली, आणि २०१५ च्या डिसेंबरात तिनं समोरच्या पुरुष संघाला संपूर्ण सामन्यात एकही गोल करू दिला नाही! एकीनं दार ढकललं की दुसरीला जोर कमी लागतो, ते असं.

मॅनॉनच्या वाट्याला सगळंच गोड आलं असं मात्र नाही. १९९७ मध्ये जागतिक स्पर्धेसाठी कॅनडाच्या महिला संघातूनच तिला वगळलं गेलं. पुरुषांत जागा मिळेना आणि आता बायकांतही नाही! कुणीही खचलं असतं. पण ती परत मेहनतीला लागली. १९९८ मध्ये जपानच्या नागानो शहरात हिवाळी ऑलिंपिक भरलं. महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये आली ती तेव्हाच पहिल्यांदा. अंतिम सामन्यात अमेरिकेसमोर कॅनडाच्या जाळ्यापाशी मॅनॉन उभी होती. कॅनडा १-३ असा हरला. रौप्यपदक मिळालं. सुवर्ण गेल्याचं दुःख असणारच, पण वर्षापूर्वी नको झालेली मुलगी तिथे उभी होती, हेही काही थोडं नव्हे.

मग संसार झाला. ती आई झाली. पुढे विभक्त होणंही वाट्याला आलं, मुलं वाढवणं आलं. मुलींच्या संघांना शिकवण्याचं काम तिनं हाती घेतलं. आणि २००८-०९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी, मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्युरॉन आणि फ्लिंट या गावांच्या छोट्या व्यावसायिक संघांकडून ती परत पुरुषांत पॅड बांधून उतरली! आपण पस्तिशी ओलांडली की "आता काय आपलं राहिलं" म्हणायला लागतो. म्हणून ही नोंद मला मुद्दाम सांगावीशी वाटली. त्याच सुमारास तिनं आपल्या नावानं एक संस्था सुरू केली. होतकरू मुलींना शिष्यवृत्ती देण्याचं काम ती करते. तिचा मोठा मुलगाही गोलरक्षकच झाला आणि अमेरिकेत विद्यापीठाच्या संघांकडून खेळला. लेकाला गोलरक्षण आईकडून मिळालं असं म्हणायला मिळणं, ही किती आनंदाची गोष्ट!

२०२२ मध्ये नॅशनल हॉकी लीगच्या लॉस एंजेलिस संघानं मॅनॉनला नेमलं. काम काय, तर संघाच्या होतकरू तरुण खेळाडूंना मार्गदर्शन करायचं. तीस वर्षांपूर्वी याच लीगच्या एका संघानं तिला गर्दी जमवायला बोलावलं होतं. या खेपेला बोलावलं ते तिला खेळातलं कळतं म्हणून.

आणि एक. उत्तर अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला बायकांच्या नव्या व्यावसायिक हॉकी लीगचा पहिला सामना झाला. आता तिथल्या मुलींना पुरुषांच्या संघात बाकावर बसून वाट पाहायची गरज नाही, त्यांची स्वतःची लीग आहे, पगार आहे. आपल्याही मुली मागे नाहीत बरं का! भारताच्या महिला आइस हॉकी संघानं २०२५ मध्ये आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणलं. त्यात लडाखच्या मुली आहेत. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर त्या हा खेळ शिकल्या.

मॅनॉनला मोठ्या लीगमध्ये कायमची जागा मिळाली नाही. आकड्यांच्या पुस्तकात तिची ओळ लहानच आहे. काही जण अजूनही म्हणतात, की ते सगळं नाटक होतं. असेलही नाटक, ज्यांनी रचलं त्यांच्यासाठी. पण नाटकासाठी कुणी पाच वर्षं रात्रीच्या बसमध्ये झोपत नाही आणि कपाळाला टाके घालून घेत नाही.

तर, त्या दिवशी माझं बोलणं ऐकून मुलीची आई गप्प झाली. मग मुलीकडे वळून म्हणाली, "जायचं तर जा. पण नीट टाक चेंडू!"

मुलगी गेली. षटक टाकलं. दोन चौकार बसले, एक चेंडू स्टंपच्या अगदी जवळून गेला. फोटो निघाले, पेपरात आले, लोक विसरले. पण पुढच्या आठवड्यात ती परत मैदानात गेली आणि आयोजकांपैकी एकाला म्हणाली, "दादा, फोटोला बोलावलंत, आता सरावाला बोलवा." तो बिचारा काय म्हणणार? आता आठवड्यातून तीन संध्याकाळी ती नेटमध्ये गोलंदाजी करते. आई मैदानाच्या कडेला बसून मेथी निवडते. एक दिवस मीही शेजारी जाऊन बसले.

संघाच्या यादीत तिचं नाव अजून नाही. बघू या. पण मैत्रिणींनो, उद्या तुमच्या लेकीला, सुनेला किंवा तुम्हालाच कुणी नुसतं शोभेसाठी व्यासपीठावर, समितीत, मैदानात बोलावलं, तर रागानं दार लावून घेऊ नका. मान राखला जातोय ना, तेवढं बघा. आणि जा. खुर्ची मिळाली की मात्र नुसतं बसून राहू नका!